५ डिसेंबर, थायलंडचे राजे आणि आपली खरडून गेलेली माती

तेरणाकाठ
५ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

आज तालुक्याला मृदा दिनाचा कार्यक्रम झाला. मातीपरीक्षणाच्या पत्रिका वाटल्या. नमुना कसा घ्यायचा तेही दाखवलं: वरचा काडीकचरा बाजूला सारायचा, इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्यायचा, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची, सात-आठ ठिकाणची एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. शेवटी नववीतल्या एका मुलीनं हात वर केला. "सर, पाच डिसेंबरच का?" उत्तर आलं, "संयुक्त राष्ट्रांनी ठरवलंय." ती खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. माझंही नाही.

घरी येताना गाडी रानाकडं वळवली. इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे, सप्टेंबरच्या पुरात तेरणेनं आमचं पात्रालगतचं दोन एकर खरडून नेलं. सोयाबीन गेलं ते गेलंच, पण जिथं कमरेएवढी काळी माती होती तिथं आता मुरूम आणि गोटे आहेत. वडील रोज संध्याकाळी तिकडं एक चक्कर मारून येतात. घरात आल्यावर काही बोलत नाहीत. त्यामुळं यंदा 'मृदा दिन' हा माझ्यासाठी नुसता फलकावरचा शब्द राहिला नाही, म्हणून जेवण झाल्यावर शोधायला बसलो.

५ डिसेंबर १९२७ ही थायलंडचे राजे भूमिबोल अदुल्यदेज यांची जन्मतारीख. थाई लिपीत त्यांचं नाव 'भूमिबल' असं लिहितात. भूमीचं बळ. १९४६ मध्ये अठराव्या वर्षी गादीवर आले आणि १३ ऑक्टोबर २०१६ ला वारले तोवर, म्हणजे सत्तर वर्षं, राजे होते. जगभरच्या मृदाशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २००२ मध्ये ठराव केला की मातीसाठी वर्षातला एक दिवस असावा, आणि पुढं त्यासाठी यांचा वाढदिवस धरला गेला. याच संघटनेनं २०१२ मध्ये त्यांना 'मानवतावादी मृदाशास्त्रज्ञ' म्हणून गौरवलं. डिसेंबर २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं दिवस मान्य केला आणि २०१४ पासून तो पाळला जातो. त्याआधी १९९५ मध्ये अन्न व कृषी संघटनेनं त्यांना ॲग्रिकोला पदक दिलं होतं. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान स्वतः बँकॉकला जाऊन मानवी विकासासाठीचा जीवनगौरव पुरस्कार देऊन आले. त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर एवढं आहे. पण मला पुढचं वाचल्यावर झोप येईना.

त्यांच्या चित्रलदा राजवाड्याच्या आवारात भाताची खाचरं, गाईंचा गोठा, भातगिरणी आणि माशांची तळी होती. १९६५ मध्ये जपानच्या युवराजांनी ५० तिलापिया मासे पाठवले. ते या तळ्यांत वाढवले आणि पुढच्याच वर्षी १० हजार पिल्लं मत्स्य खात्याकडं दिली. आज तिकडं तो गरिबाच्या ताटातला मासा आहे.

१९५५ च्या नोव्हेंबरात ते ईसान भागात फिरत होते. हे त्यांचं ईशान्येचं पठार, 'ईसान' म्हणजे आपला 'ईशान'च. तिथं त्यांनी पाहिलं की ढग भरून येतात, डोक्यावरून निघून जातात, पडत नाहीत. हे वाचलं आणि मी थांबलो. जुलै महिन्यात आपल्याकडं मान वर करून हेच बघत नाही असा एक तरी शेतकरी आहे का? त्यांनी एका कृषी अभियंत्याला हाताशी धरलं, चौदा वर्षं अभ्यास चालला, आणि जुलै १९६९ मध्ये खाओ याईच्या डोंगराळ भागात विमानातून ढगांत शुष्क बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टाकून कृत्रिम पावसाचा पहिला प्रयोग केला. पुढं त्याचं सरकारी खातंच झालं.

पण मला विमानाबद्दल लिहायचं नाही. मला त्यांच्या खड्ड्याबद्दल लिहायचंय.

त्यांची मांडणी 'नवा सिद्धांत' म्हणून ओळखली जाते. पंधरा राई जमीन असलेलं एक कुटुंब धरलं. राई म्हणजे १६०० चौरस मीटर, म्हणजे पंधरा राई आपले सहा एकर. त्यात पाच राई भात, पाच राई फळझाडं आणि बाकीची पिकं, तीन राई तळं, उरलेल्या दोन राईत घर, गोठा, परसबाग. ३०:३०:३०:१० (तळं, भात, बाकीची पिकं, घर-गोठा) हे जे प्रमाण सगळीकडं सांगतात ते यातूनच रूढ झालं. आता हिशोब बघा. राईला वर्षाला हजार घनमीटर पाणी धरलं तर पिकांच्या दहा राईला दहा हजार लागणार. तीन राईच्या, चार मीटर खोल तळ्यात मावतं १९ हजार. मग जवळजवळ दुप्पट कशाला? कारण पाऊस नसलेल्या दिवशी रोज एक सेंटिमीटर पाणी उडून जातं. असे दिवस वर्षात तीनशे. म्हणजे तीन मीटर नुसतं उन्हानं नेलं. तळाशी उरलं एक मीटर, ४,७५० घनमीटर. ते पुरत नाही. म्हणून तळं एकटं ठेवायचंच नाही. मोठ्या धरणानं लहान धरण भरायचं, लहान धरणानं शेतातलं तळं भरायचं. सराबुरी प्रांतात एका बौद्ध मठाशेजारच्या जमिनीवर हे आधी करून पाहिलं, मग लोकांना सांगितलं.

एक राजा बसून 'रोज एक सेंटिमीटर' मोजतोय! माझ्यासाठी सगळं यात आलं. आपल्या योजनेच्या कागदावर तळ्याची लांबी-रुंदी असते, अनुदानाचा आकडा असतो. पण घरात माणसं किती, दावणीला जनावरं किती, मार्चमध्ये किती पाणी लागेल, ऊन किती नेईल, हे खोदायच्या आधी आपल्यापैकी किती जणांनी मांडून पाहिलं? मी पाहिलं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी स्टेशनवर गेलो होतो. माणसं हात जोडून उभी होती. पाच लाख लिटर म्हणजे पाचशे घनमीटर. सहा एकरवाल्या एका थाई कुटुंबासाठी मांडलेल्या तळ्याचा अडतिसावा भाग.

या माणसाकडून काही घ्यायचं असेल तर हा हिशोब घ्यावा, असं मला तळमळीनं वाटतं. जाणकारांनी भर घालावी. विरोधी मत असेल तर तेही मोकळेपणानं मांडा.

---

आखाड्यावरून
६ डिसेंबर २०२५, सकाळी ७:१५

तेरणाकाठ दादा, रानाचं वाचून पोटात कालवलं. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

तुमच्या लेखात एक गोष्ट राहिली, ती मी लिहिते, कारण ती माझ्या धुऱ्यावर उभी आहे. वाळा. माझी आजी चैत्रात माठात वाळ्याची जुडी टाकायची, त्यापलीकडं त्याचा काही उपयोग असतो हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. राजे भूमिबोल यांनी १९९१ पासून हे गवत लावायचा ध्यास घेतला. थाईत 'या फेक' म्हणतात. धूप रोखण्याचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९९३ मध्ये त्यासाठी त्यांचा सन्मान केला. आणि ही कल्पना मूळची आपल्याकडची आहे बरं का. कर्नाटकात म्हैसूरकडचे शेतकरी पिढ्यान्पिढ्या बांधावर वाळा लावत आलेत. भारतात काम करणाऱ्या जागतिक बँकेच्या शेतीतज्ज्ञांनी ते पाहिलं आणि जगभर सांगितलं. 'व्हेटिव्हर' हे त्याचं इंग्रजीतलं नावसुद्धा तमिळवरून गेलेलं आहे.

काळ्या रानात नुसता मातीचा बांध का टिकत नाही ते सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जातो. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी त्या भेगेत शिरतं आणि बांध फुटतो. वाळ्याची ओळ पाणी अडवून धरत नाही, ती ते गाळून हळू सोडते. माती वरच्या अंगाला बसते, पाणी खाली जातं.

मी तीन वर्षांपूर्वी उताराला आडवी शंभर फूट ओळ लावली. ठोंब फोडून दोन-तीन काड्यांचे फुटवे केले, पात वीतभर ठेवून वरून छाटली, मुळं बोटभर ठेवली आणि चार-चार बोटांवर लावली. अंतर जास्त पडलं की मधून पाणी फुटतं, तिथं कंजूषी करू नये. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, गवत काय लावते ही बाई. जनावरांनी कोवळी पात खाल्ली, तरी मुळं सुटली नाहीत. दुसऱ्या वर्षी ओळ भरली. यंदा सप्टेंबरात तिच्या वरच्या अंगाला वीतभर गाळ साचला. पलीकडच्या धुऱ्याला वाळा नव्हता, तिथं माणूस उतरेल एवढी घळ पडली. नदी पात्र सोडून आत आली असती तर वाळ्यानं ती थांबली नसती, हे मी आधीच सांगते. पण उतारावरची माती थांबते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुळांना गिऱ्हाईक मिळतं म्हणून उपटू नका. मूळ गेलं की ओळ गेली.

---

मोंढा नाका
६ डिसेंबर २०२५, दुपारी १:०५

तेरणाकाठ यांनी मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनातलं लिहितो. राजाचं कौतुक वाचताना मला त्रास होतो. माझे आजोबा हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगात होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आपण कोणाची प्रजा राहिलो नाही. पाणी हा आपला हक्क झाला, कोणाची कृपा नाही.

थायलंडच्या दंडसंहितेत ११२ क्रमांकाचं कलम आहे. राजाचा अवमान केल्याच्या एकेका आरोपाला ३ ते १५ वर्षं तुरुंगवास. जिथं राजाच्या योजनेत खोट आहे असं उघड म्हणताना माणूस दहादा विचार करतो, तिथं ती योजना यशस्वी झाली हे आपण कोणाच्या तोंडून ऐकायचं? दुसरं, १९९७ च्या आर्थिक संकटानंतर त्यांनी 'पुरेशी अर्थव्यवस्था' हा विचार जोरानं मांडला: कर्ज काढून हावरेपणा करू नका, आधी घरापुरतं पिकवा. विचार चांगला आहे. पण २००८ मध्ये फोर्ब्सनं त्यांना जगातला सगळ्यात श्रीमंत राजा म्हटलं होतं, ३५ अब्ज डॉलर. ती संपत्ती राजाची खासगी नसून राजसंस्थेची आहे, असं त्यांच्या सरकारचं म्हणणं. असेल. तरी त्या गादीवरून अल्पभूधारकाला 'पुरेसं' शिकवणं मला पटत नाही. सोयाबीनला हमीभावसुद्धा पदरात पडत नाही अशा आपल्या माणसाला कोणी म्हणालं की आहे त्यात भागव, तर आपण ऐकून घेऊ का?

ताईंचा वाळा मात्र पटला. ठोंब कुठं मिळतील?

---

अडीचएकर
६ डिसेंबर २०२५, रात्री १०:२०

बालाघाटाच्या माळावर माझी अडीच एकर आहे, शंभर गुंठे. तीस टक्के म्हणजे तीस गुंठे पाण्याखाली घालायचे. उरलेल्या सत्तरात लेकरं काय खातील, सांगा.

आणि तळ्याचं माझं झालंय एकदा. २०१७ मध्ये योजनेतून ३० बाय ३० चं, तीन मीटर खोल तळं घेतलं. जागा मुरमाड, पाणी थांबेना. मग उसनवारी करून अस्तराचा कागद टाकला. टाकणाऱ्यानं सांधे धड चिकटवले नाहीत, दुसऱ्या उन्हाळ्यात फाटला. फोन केला तर उचलला नाही. आता त्या तळ्यात बाभळी उगवल्यात. आमच्या शिवारात भरलेली तळी आहेत, नाही असं नाही. पण त्यात पाऊस नाही, बोअर आहे. पाचशे-सहाशे फुटांवरून उपसून वर आणून उन्हात ठेवायचं. तेरणाकाठ भाऊ, तुमच्या राजाचा तो एक सेंटिमीटर वाचला आणि हेच डोळ्यापुढं आलं. जमिनीच्या पोटात सावलीत होतं ते पाणी.

---

पाऊसमापक
७ डिसेंबर २०२५, सकाळी ११:३०

विमानाचा विषय निघालाच आहे तर थोडं. मेघबीजनानं, म्हणजे ढगात कण पेरून, ढग तयार होत नाहीत. असलेल्या ढगातून जरा जास्त पाऊस काढता येतो, तोही ढग योग्य असेल तर. उबदार ढगात मिठासारखे, ओलावा ओढून घेणारे कण सोडतात, थंड ढगात सिल्व्हर आयोडाइड किंवा शुष्क बर्फ. थाई पद्धतीत टप्पे आहेत: आधी हवा चाळवून ढग उठवायचा, मग तो पोसायचा, मग त्यावर 'हल्ला' करायचा. तिथली पथकं दरवर्षी मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत सज्ज असतात.

आपल्याकडं २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून विमान उडालं. दोन्ही वेळा ऑगस्ट उजाडला होता, पेरणी कधीच करपली होती. संकट आल्यावर निविदा काढायची आणि ढग पुढं गेल्यावर विमान आणायचं, यातून पाऊस येत नाही. आपल्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं सोलापूरच्या पर्जन्यछायेत दोन पावसाळे शिस्तीत प्रयोग केला, २७६ ढग अभ्यासले, आणि सरासरी १८ टक्के वाढ दिसली. आकडा चांगला आहे. पण दुष्काळात मुळातच ढग थोडे असतात, त्या थोड्याचे १८ टक्के किती होणार? मी या क्षेत्राच्या जवळ काम करतो आणि तरीही सांगतो की तेरणाकाठ यांनी खड्डा निवडला ते बरोबर केलं.

---

तेरणाकाठ
७ डिसेंबर २०२५, रात्री १०:५५

मोंढा नाका साहेब, तुमचा मुद्दा मला टाळायचा नाही. कलम ११२ बद्दल तुम्ही लिहिलं ते खरं आहे, आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. राजाचं गुणगान करायला धागा काढलेला नाही. पण हिशोबाला मालक नसतो. 'राजांनी सांगितलं म्हणून' कोणी तीस टक्के तळं खोदलं तर ते चूकच. 'माझ्या रानात ऊन रोज किती पाणी नेतं' हे कोणीही काठी लावून तपासू शकतो, त्याला दरबार लागत नाही.

त्यांच्यातली मला भावलेली गोष्ट विचारण्याची आहे. उत्तरेच्या डोंगरात लोक अफू पिकवायचे. हे राजे दोई पुई या डोंगरावर गेले, आणि तिथल्या शेतकऱ्यांना विचारलं की अफूशिवाय आणखी कशातून पैसा येतो. उत्तर आलं, गावठी पीचमधून, आणि ते अफूइतकेच पैसे देतात. तिथून १९६९ मध्ये 'रॉयल प्रोजेक्ट' सुरू झाला: चांगल्या जातीची कलमं, भाजीपाला, फुलं, आणि माल खाली बाजारात न्यायची सोय. १९८८ मध्ये त्या प्रकल्पाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पीक बदला असं डोंगरवाल्यांना खूप जणांनी सांगितलं असेल. तुम्हाला परवडतं काय, हे आधी विचारणं वेगळं.

आता अडीचएकर भाऊ. तुमचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. तीस टक्के आपल्याला लागू नाहीत, त्यांचा भात आहे, त्याला पाण्यात उभं राहायचं असतं. आपण आपला हिशोब मांडू.

तुमचं तळं ३० बाय ३०, तीन मीटर खोल, बाजूचा उतार एकास एक धरला तर त्यात २,१९६ घनमीटर मावतं, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर. जागा गेली नऊ गुंठे, भराव धरून बारा. सोयाबीन शेंगात असताना किंवा हरभरा फुलात असताना पाच सेंटिमीटरचं एक संरक्षित पाणी द्यायचं म्हटलं तर एकराला दोन लाख लिटर. दोन एकराला दोनदा दिलं तर आठ लाख. ऊन आणि गळती बारा लाख खाऊन गेली तरी दोन लाख माळव्याला आणि जनावरांना उरतं. म्हणजे बारा गुंठ्यांत भागतं.

पण खरी अडचण पुढं आहे. तुमच्या शंभर गुंठ्यांवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर पडतं ७० लाख लिटर. त्यातलं वाहून येणारं पंधरा टक्के धरलं तर साडेदहा लाख. तुमचं तळं तुमच्या एकट्याच्या रानावर अर्धंसुद्धा भरत नाही! म्हणूनच सगळे बोअर लावून भरतात. आणि म्हणूनच तिकडच्या मांडणीत तळ्याच्या वर धरण आहे आणि त्याच्याही वर मोठं धरण आहे. आपल्याकडं ते कुठलं? पाझर तलाव, नाला बांध, वरच्या शेजाऱ्याचं पाणी. जालन्याच्या कडवंचीची शेततळी आपण बघायला जातो आणि द्राक्षं बघून परत येतो. तिथं तळ्यांच्या आधी अख्ख्या शिवाराचं पाणलोटाचं काम झालं होतं, माथ्यापासून पायथ्यापर्यंत.

कागदाबद्दल वाईट वाटलं. मुरमात अस्तराशिवाय गत्यंतर नाही हे खरंच आहे. पण तुमच्या शिवारात खाली नाल्यालगत काळी, चिकण जागा असेल तर दोघा-तिघांत एक तळं तिथं बसतं का, ते बघा.

---

खडकीचा
८ डिसेंबर २०२५, सकाळी ९:००

मूळ विषयाला धरूनच: पाण्याची दृष्टी असलेला राज्यकर्ता शोधायला आपल्याला बँकॉकपर्यंत जायची गरज नाही. मलिक अंबरनं खडकी, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, वसवली ती १६१० मध्ये, आणि पाठोपाठ डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं शहरात आणलं. ना मोट, ना पंप, नुसता उतार. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवायची त्याची पद्धतही दख्खनमध्ये नावाजली गेली. आणि वेरूळला घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाईंचं नाव तर घराघरांत आहे. मला खंत एकच वाटते, आपण यांचे पुतळे उभे केले आणि नहरीत कचरा टाकला.

---

परभणीवाला विद्यार्थी
८ डिसेंबर २०२५, रात्री ८:४५

मी मृदाशास्त्रात एमएस्सी करतोय. एक भर. दक्षिण थायलंडमध्ये नराथिवात इथं दलदलीची जमीन उपसून कोरडी केली तर तिच्यातल्या गंधकाचं आम्ल झालं आणि काही पिकेना. तिथं पिकुन थोंग केंद्रात त्यांनी उलटा मार्ग धरला. जमीन मुद्दाम आलटून-पालटून भिजवायची आणि सुकवायची, तिचं आम्ल शक्य तितकं लवकर वर आणायचं, मग पाण्यानं धुऊन चुना घालायचा. याला ते 'क्लेंग दिन' म्हणतात, म्हणजे मातीला छळणं. अशी सहा अभ्यास केंद्रं आहेत, पहिलं १९७९ मध्ये खाओ हिन सोन इथं, एकाच पिकानं निकस झालेल्या वाळूच्या जमिनीवर.

ते औषध आपल्याला चालणार नाही. आपली माती उलट टोकाची, सामू (पीएच) आठच्या वर, चुनखडीची. पण आधी स्वतःच्या तुकड्यावर माती बिघडवून, सुधारून बघायची आणि मगच शिफारस द्यायची, ही शिस्त आम्ही शिकतोय. आणि एक आनंदाची गोष्ट: अन्न व कृषी संघटनेचा 'राजे भूमिबोल जागतिक मृदा दिन पुरस्कार' २०२० साठी आपल्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेला मिळाला होता. तो आदल्या वर्षीच्या कामासाठी होता, आणि त्या २०१९ च्या मृदा दिनाचं घोषवाक्य धूप थांबवण्याबद्दलच होतं.

तेरणाकाठ काका, खरडलेल्या रानात लगेच गाळ टाकायची घाई करू नका. जो गाळ आणाल त्याचा नमुना आधी तपासून घ्या. धरणातला गाळ कधी कधी फार चिकण आणि क्षारयुक्त असतो. हवं तर मी येऊन नमुने घेतो.

---

मोंढा नाका
९ डिसेंबर २०२५, दुपारी २:१०

'हिशोबाला मालक नसतो' हे मान्य. माझी जागा मी सोडत नाही: हा हिशोब ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, प्रश्न विचारू देऊन व्हायला हवा. पाणलोटाचं अंदाजपत्रक भिंतीवर लावा, वरच्याला किती आणि खालच्याला किती ते लिहा. अडीचएकर भाऊंचं तळं अर्धं राहतं हा त्यांचा एकट्याचा दोष नाही, हे तेरणाकाठ यांनी आकड्यात दाखवलं. मी तो तक्ता छापून घेतलाय.

---

अडीचएकर
९ डिसेंबर २०२५, रात्री ९:३०

नाल्यालगत चुलत्यांची चिकण जमीन आहे. बोलणं बंद होतं चार वर्षं, बांधावरून. आज गेलो होतो. चहा झाला. तळ्याचं अजून काढलं नाही, पण काढीन.

---

तेरणाकाठ
१९ डिसेंबर २०२५, रात्री ११:००

आज येळवस (वेळ अमावस्या) झाली. यंदा करावी की नाही असं घरात चाललं होतं. आई म्हणाली, काळी आई निम्मी गेली म्हणून उरलेलीला उपाशी ठेवायचं का? मग खरडलेल्या तुकड्याच्या कडेला, जिथून काळी माती सुरू होते तिथंच कडब्याची कोप घातली. पाच पांडव चुन्यानं रंगवले. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलाचं बिंदगं. वडिलांनी 'ओलगे ओलगे सालम पलगे' म्हणत पिकात आंबील शिंपडली, आणि शिंपडत शिंपडत मुरमाच्या तुकड्यावरही गेले. तिथंही शिंपडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा ते तिथं मोठ्यानं काही बोलले.

ती नववीतली मुलगी आमच्याच पलीकडच्या वस्तीवरची निघाली. तिच्या आजीनं डबा दिला, तेव्हा तिला ५ डिसेंबरची सगळी गोष्ट सांगितली. राजाच्या नावाचा अर्थ तिला आवडला. मग तिनं विचारलं, "मग आपल्या तळ्यातलं रोज किती उडतं?"

हे मी दहा-अकरा दिवसांपूर्वीच सुरू केलं होतं. गावाखालच्या पाझर तलावात कडेला बांबू रोवलाय, त्यावर तेलरंगानं सेंटिमीटरच्या खुणा केल्यात. ८ तारखेपासून काल सकाळपर्यंत दहा दिवसांत साडेचार सेंटिमीटर उतरलं. झिरपणं आणि उडणं दोन्ही मिळून, आणि हे थंडीतलं. मार्चपासून काय होतं ते आता ती लिहिणार आहे, वहीत दोन रकाने आखून, तारीख आणि पाणी.

आखाड्यावरून ताई, वाळ्याचे ठोंब कधी न्यायला येऊ?

---

आखाड्यावरून
२० डिसेंबर २०२५, सकाळी ६:५०

आत्ता नको दादा, थंडीत फुटवा धरत नाही. मिरग निघाला की या, पहिला पाऊस होऊन वाफसा आला की लगेच. शंभर फुटांना चारशे-साडेचारशे फुटवे लागतात, आदल्या दिवशी फोन करा म्हणजे ठोंब काढून ठेवते. ओल्या गोणपाटात गुंडाळून न्या, मुळांना ऊन लागू देऊ नका. मोंढा नाका साहेब, तुमचेही धरून ठेवते.